पक्ष, सरकार, दवाखाना आणि कापूस : खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

नागरिकशास्त्र हा विषय मी अमळनेर तालुक्यात एकोणतीस वर्षं शिकवला. वर्गात तेव्हा कुणी काही विचारायचं नाही. "सर, हे परीक्षेला येणार का?" एवढाच काय तो प्रश्न. निवृत्त झालो आणि फोन सुरू झाले. सिव्हिलच्या ओट्यावरून, जिनिंगच्या रांगेतून, कधी मतदानाच्या आदल्या रात्री. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून इथे लिहून ठेवले आहेत. विचारणाऱ्याची भाषा जमेल तिथे तशीच ठेवली आहे. मी स्वतः कुठल्या पक्षाचा, हे मात्र विचारू नका. आमच्या घरात तेवढं एकच गुपित उरलं आहे.

1. पक्षाची 'आर्थिक भूमिका' म्हणजे नेमकं काय? भाषणात तर सगळेच शेतकऱ्याचे कैवारी असतात.

भाषण बाजूला ठेवा. कुठल्याही कामात सरकारपुढे तीन वाटा असतात. काम स्वतः करायचं. दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि पैसे आपण द्यायचे. किंवा नुसते नियम घालून बाजूला उभं राहायचं. (चौथी वाट काहीच न करण्याची. ती जाहीरनाम्यात छापत नाहीत.)

कापसावरून बघा. 1972 पासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी होती. कापूस द्यायचा तो पणन महासंघालाच, व्यापाऱ्याला विकणं गुन्हा. ही पहिली वाट. पलीकडे भाव चढला की रात्री गाड्या गुजरात-मध्य प्रदेशच्या सीमेकडे निघायच्या. चोपडा-शिरपूरकडच्या जुन्या माणसाला विचारा, तो हसेल आणि विषय बदलेल. 2002 च्या सुमारास ती सक्ती गेली. आता व्यापारीही घेतो, आणि भाव पडला तर केंद्राची सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) हमीभावाने घेते. दवाखान्यातही तसंच आहे. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र ही पहिली वाट, जनआरोग्य योजनेतून खासगी दवाखान्याचं बिल भरणं ही दुसरी, आणि 2017 मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतीला घातलेली मर्यादा ही तिसरी.

पक्ष कोणत्या कामाला कोणती वाट धरतो आणि त्याचा पैसा कुणाच्या खिशातून काढतो, ही त्याची आर्थिक भूमिका. बाकी सगळा मांडव.

2. मग आपल्याकडे डावा कोण आणि उजवा कोण?

कागदावर सगळेच समाजवादी! लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29अ नुसार नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला संविधानावर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. बाजारपेठेचा कितीही कट्टर पुरस्कर्ता असो, ही ओळ त्याच्या घटनेत असतेच.

प्रत्यक्षातही सरळ रेघ मारता येत नाही. 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण काँग्रेसच्या सरकारने केलं आणि 1991 मध्ये बाजार खुला केला तोही काँग्रेसच्याच सरकारने. 1980 मध्ये भाजप स्थापन झाला तेव्हा त्याने 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला होता. पुढे निर्गुंतवणुकीचं, म्हणजे सरकारी कंपन्यांतला हिस्सा विकण्याचं, स्वतंत्र खातं काढलं वाजपेयींच्या सरकारने, आणि आज सगळ्यात मोठ्या कल्याणकारी योजनांवर फोटो आहेत तेही भाजपच्याच नेत्यांचे. उघडपणे 'सरकारने धंद्यातून बाहेर पडावं' म्हणणारा मोठा पक्ष एकच होऊन गेला, राजाजींचा (राजगोपालाचारींचा) 'स्वतंत्र' पक्ष. 1959 मध्ये निघाला, 1967 मध्ये लोकसभेत 44 जागांपर्यंत पोहोचला, 1974 मध्ये विलीन झाला. डाव्या बाजूला कम्युनिस्ट आहेत, आणि सत्यशोधक चळवळीतून आलेल्या संघटनांनी धुळे-नंदुरबारच्या आदिवासी भागात वनजमिनीचे मोर्चे काढले ते वेगळे. पण निवडून येणाऱ्या पक्षांमध्ये डावं-उजवं शोधायला जाल तर संध्याकाळ होईल.

3. तसं असेल तर खान्देशातला माणूस पक्ष ठरवतो कशावरून?

माझे एक मामा रावेर तालुक्यातले, केळीवाले. त्यांच्या ओट्याच्या भिंतीचा चुना एकदा पावसाने सोलला तेव्हा खालचे थर उघडे पडले. सगळ्यात आत गाय-वासरू, मग पंजा, मग घड्याळ, वर कमळ. मी म्हटलं, मामा, किती पक्ष बदलले? ते शांतपणे म्हणाले, "मी कधीच नाही बदलला. भाऊ बदलत गेले, मी भाऊंच्या मागे होतो."

आपल्याकडे पक्ष म्हणजे बहुतेक वेळा 'भाऊ', 'अण्णा', 'दादा', 'आप्पा'. त्याच्या मागे भावकी, समाज, सोसायटीतलं कर्ज, बाजार समितीतली ओळख, रात्री दोनला दवाखान्यात फोन लावून देणारा माणूस. याला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्याला सरकारचं दार ठोकावं लागतं तो दाराची ओळख ठेवणाऱ्याला धरून राहतो, त्यात हिशेब आहे.

पण यामुळे पक्षाचं नाव ऐकून धोरण कळत नाही. माणिकराव गावित नंदुरबारमधून 1981 पासून 2009 पर्यंत सलग नऊ वेळा काँग्रेसचे खासदार झाले. 2014 मध्ये तिथे भाजपच्या हिना गावित आल्या. त्यांचे वडील विजयकुमार गावित त्याआधी राष्ट्रवादीकडून राज्यात मंत्री होते. 2024 मध्ये जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. मुक्ताईनगरच्या खडसे घराण्यात तर त्याच 2024 साली सून भाजपची खासदार झाली आणि लेक शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून विधानसभेला उभी राहिली. एका घराची आर्थिक विचारसरणी दोन असू शकते, पण ती इथे कुणी विचारलीही नाही.

नेहमी असंच होतं असंही नाही. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष पंडित नेहरू. तिथे जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला त्यात शेतसारा आणि कर्जाचा बोजा हलका करण्याची कलमं होती. केळीच्या मुलखात बसून लोक तेव्हा सरकार शेतकऱ्याचं काय देणं लागतं यावर वाद घालत होते. आता त्याच गावांत वाद होतो तो बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावर.

4. पक्षच फुटला तर मी दिलेलं मत कुणाला गेलं?

कायद्याने तुम्ही मत उमेदवाराला दिलं, पक्षाला नाही. म्हणून आमदार तोच राहतो. अशा फुटीला बांध घालायला 1985 मध्ये 52 वी घटनादुरुस्ती करून दहावी अनुसूची आणली, म्हणजेच पक्षांतरबंदी. सुरुवातीला एकतृतीयांश आमदार फुटले तर चालायचं. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली. आता दोनतृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तरच संरक्षण आहे. अपात्र कोण, हे ठरवतो विधानसभेचा अध्यक्ष, आणि तोही कुठल्यातरी पक्षाचाच असतो. चिन्ह कुणाचं, हे निवडणूक आयोग 1968 च्या चिन्ह आदेशानुसार ठरवतो. त्यानुसार फेब्रुवारी 2023 मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये घड्याळ अजित पवार गटाला मिळालं.

5. "भाऊ, सरकार कोनतंबी येवो, आमले काय फरक पडस? बठ्ठा सारखा शेतस."

हा प्रश्न पारोळ्याच्या एका बाईंचा. त्यात थोडा राग होता, आणि तो रास्त होता. तरी फरक पडतो, फक्त जिथे आपण बघतो तिथे नाही.

ज्यात सगळे पक्ष एकमेकांचं काम पुढे चालवतात त्यात फरक कमी. कर्जमाफी 2008 मध्ये केंद्रात काँग्रेस आघाडीने दिली, 2017 मध्ये राज्यात फडणवीसांनी, 2019 मध्ये ठाकरेंनी. स्वस्त औषधांची जनऔषधी दुकानं 2008 मध्ये मनमोहनसिंगांच्या काळात निघाली, मोदींच्या काळात त्यांचं जाळं वाढलं. आरोग्य योजनेचं तेच, प्रश्न 8 पाहा.

फरक पडतो तो कर कुणावर, आयात कधी उघडायची, भरती करायची की कंत्राटावर भागवायचं, या ठिकाणी. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं आणि ते वर्षअखेरपर्यंत उठलेलंच ठेवलं. कापडगिरण्यांना स्वस्त कापूस मिळाला आणि आपला कापूस घरात यायच्या वेळेला बाजार नरम झाला. या निर्णयाचा बॅनर कुठेही लागला नाही. बॅनर न लागलेले निर्णय मोजायला शिकलं पाहिजे.

6. अमेरिकेत म्हणे पक्षावरून माणसाचं दवाखान्याबद्दलचं मत कळतं. खरं आहे का?

बऱ्यापैकी. तिथे 2010 मध्ये ओबामांनी परवडणाऱ्या विम्याचा कायदा केला तेव्हा शेवटच्या मतदानात रिपब्लिकन पक्षाचं एकही मत बाजूने पडलं नाही. विमा सरकारने लावून द्यावा की माणसाने आपला घ्यावा, हा तिथे पक्षाच्या ओळखीचाच भाग आहे. ब्रिटनमध्ये उलट. मजूर पक्षाने 1948 मध्ये सरकारी आरोग्य सेवा सुरू केली आणि विरोधकांनी सत्तेत आल्यावर ती मोडली नाही. आपण ब्रिटनसारखे दिसतो, पण एक फरक आहे. तिथे योजना टिकली नावासकट. आपल्याकडे योजना टिकते, नाव टिकत नाही.

7. आमच्या पीएचसीत डॉक्टर नाही. जाब कुणाला विचारायचा, खासदाराला, आमदाराला की सरपंचाला?

बहुतेकदा चुकीच्या माणसाला विचारला जातो. संविधानात सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्य सूचीतला विषय आहे. म्हणजे मुख्य जबाबदारी मुंबईची, दिल्लीची नाही. केंद्र 2005 पासून आरोग्य अभियानातून पैसा देतं. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याकडे. जळगाव आणि नंदुरबारचं जुनं सिव्हिल मात्र आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, म्हणजे खातं वेगळं, मंत्रीही वेगळा. लोक 'सिव्हिल' म्हणत राहतात आणि अर्ज भलत्याच टेबलावर पडून राहतो.

आता गंमत बघा. पीएचसी जिल्हा परिषदेकडे, आणि जळगाव जिल्हा परिषदेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपल्यावर वर्षानुवर्षं तिथे प्रशासक बसला. सदस्यच नाही, तर आरोग्य सभापती कुठून येणार? पक्षांची एवढी रणधुमाळी चालली होती, पण जाब विचारायला निवडून आलेला माणूसच त्या खुर्चीत नव्हता.

तुम्ही एवढं करा. पीएचसीच्या भिंतीवर एक फलक असतो, 'मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे'. बहुतेक ठिकाणी तो दाराच्या मागे लागलेला असतो. मी पाहिलेल्या एका फलकावर खडूने लिहिलेला 'रिक्त' हा आकडा इतक्या वर्षांचा होता की त्याच्यावर कोळ्याने जाळं धरलं होतं. मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि तोच फोटो मतं मागायला येणाऱ्याला दाखवा. 'डॉक्टर द्या' म्हणण्यापेक्षा 'मंजूर दोन, हजर शून्य' म्हणा. उत्तर देणं जड जातं.

8. माझं जुनं राजीव गांधी योजनेचं कार्ड आहे. ते बाद झालं का?

कार्डावरचं नाव बाद झालं, तुमचा हक्क नाही. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आपला धुळे होता. जळगाव-नंदुरबारला ती पुढच्या वर्षी मिळाली. 2017 मध्ये सरकार बदललेलं होतं, नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि 2020 पासून राज्यात दोन्ही एकत्र चालतात. आधी वर्षाला दीड लाख होते, 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला पाच लाख. काँग्रेस आघाडीने सुरू केलेली योजना युतीने नाव बदलून चालवली, महाविकास आघाडीने केंद्राच्या योजनेशी जोडली, महायुतीने रक्कम वाढवली. चार सरकारं आणि एकच योजना. हे श्रेय कुणाला द्यायचं ते तुमच्यावर सोडतो.

दवाखान्यात जुनं कार्ड दाखवत बसू नका. रेशन कार्ड आणि आधार न्या, आणि आयुष्मान कार्ड नसेल तर काढून घ्या.

9. आमचं कार्ड पांढरं आहे. आम्ही श्रीमंत म्हणून योजनेबाहेर का?

आता नाही. पूर्वी पिवळं आणि केशरी एवढंच चालायचं. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला सवलत होती ती आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांपुरती, म्हणजे मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा. खान्देशचा कोरडवाहूवाला त्यात बसत नव्हता, आणि शेजारच्या बुलढाण्यातला बसायचा. मलकापूरचा व्याही पात्र आणि बोदवडचा अपात्र, अशी परिस्थिती होती. पाच लाखांच्या नव्या योजनेत सगळ्या रंगांची कार्डं घेतली. शिवाय सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला 29 ऑक्टोबर 2024 पासून केंद्राचं वेगळं पाच लाखांचं संरक्षण आहे, उत्पन्न कितीही असो. त्याचं 'वय वंदना' कार्ड आधारवर निघतं.

10. योजनेत नाव आहे तरी दवाखान्याने आधी पैसे भरायला सांगितले. काय करायचं?

माझ्या मोठ्या भावावर हीच वेळ आली. छातीत कळ, रात्रीची वेळ, केशरी कार्ड खिशात. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, आधी पन्नास भरा, योजनेचं सकाळी बघू." पन्नास म्हणजे पन्नास हजार. दवाखान्याचं नाव सांगत नाही. 'आरोग्य मित्र' (दवाखान्यातला योजनेचा मदतनीस) अशी पाटी होती, पण ती जिन्याखाली, आणि त्या टेबलावर सलाइनचे रिकामे खोके रचलेले. मी 155388 ला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. फोनवरच्या बाईंनी रुग्णाचं नाव विचारताच काउंटरवरच्या मुलाचा सूर बदलला. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आता मलाही कळलं होतं.

जाण्याआधी दोन गोष्टी विचारा. दवाखाना योजनेत आहे का, आणि *तुमच्या आजारासाठी* आहे का. डोळ्यांसाठी अंगीकृत असलेला दवाखाना हृदयासाठी असेलच असं नाही. आणि योजनेत नसलेला दवाखाना जर धर्मादाय ट्रस्टचा असेल तर वाट संपलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तक्रार सहायक धर्मादाय आयुक्तांकडे.

11. मग सरकारने स्वतः दवाखाने चालवण्यापेक्षा सगळ्यांना कार्ड देऊन खासगीचं बिल भरलं तर काय वाईट? सरकारी दवाखान्याला कोण विचारतो?

यावर माझं मत पक्कं आहे, म्हणून मतासारखंच वाचा.

जळगावच्या रिंगरोडवर उभं राहिलं तर कार्डाची पद्धत उत्तम दिसते. दवाखान्याला लागून दवाखाना आहे. तेच कार्ड धडगावला नेऊन बघा. सातपुड्याच्या आत ज्या पाड्यावर रस्ता पावसाळ्यात तुटतो, जिथे नर्मदेच्या पाण्यातून बोटीने दवाखाना न्यावा लागतो, तिथे पाच लाखांचं कार्ड असून उपयोग काय? ज्या गावात खासगी डॉक्टर धंदा म्हणून जाणार नाही तिथे सरकारलाच जावं लागतं. आदिवासी भागात 20 हजार लोकांमागे एक पीएचसी आणि 3 हजारांमागे एक उपकेंद्र हा निकष (सपाटीवर 30 आणि 5 हजार) त्यासाठीच आहे. आणि कार्डावर शस्त्रक्रिया होते. अक्कलकुव्याच्या पोराचं वजन वाढत नाही त्याला शस्त्रक्रिया नसते. त्याला अंगणवाडी, नर्स आणि अंडं लागतं.

दुसरं उदाहरण नवापूरचं. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या कोंबड्यांत सापडला. लाखो पक्षी मारून पुरावे लागले, गावोगाव ताप तपासावा लागला, पोल्ट्रीवाल्यांना भरपाई द्यावी लागली. हे काम कुठली विमा कंपनी करेल? कोरोनात नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी राजेंद्र भारुड यांनी पहिली लाट ओसरली तरी ऑक्सिजन प्लांट उभारून ठेवले. दुसऱ्या लाटेत देशभर सिलिंडरसाठी रांगा असताना नंदुरबारचं नाव लोक उदाहरण म्हणून घेत होते. तिथे पक्ष कुठला, हे मला आठवतही नाही.

उलट बाजूही सांगतो. सरकारी दवाखान्यात यंत्र असतं आणि चालवणारा नसतो. सरकारने खासगीला पैसे दिले म्हणून माझ्या भावाचा जीव वाचला, हे मी कसं नाकारू? म्हणून दोन्ही हवं. पण पैसा मर्यादित असतो आणि कार्डावर फोटो छापता येतो, नर्सच्या पगारावर छापता येत नाही. त्यामुळे सगळ्या पक्षांचा कल कुठे झुकतो ते उघड आहे. 2002 च्या राष्ट्रीय धोरणात 2010 पर्यंत सरकारी आरोग्य खर्च देशाच्या उत्पन्नाच्या 2 टक्के करायचं लिहिलं होतं, 2017 च्या धोरणात 2025 पर्यंत अडीच टक्के. मधल्या काळात दोन्ही आघाड्या सत्तेत येऊन गेल्या. एकही आकडा वेळेत गाठला गेला नाही.

12. सरकारी दवाखान्यात सगळं मोफत झालं ना? मग केसपेपरचे पैसे का घेतले?

15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहे ते आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय दुसऱ्या खात्याचं, म्हणून तिथे हा निर्णय लागू नव्हता. कोणतं कुणाचं, ते प्रश्न 7 मध्ये आहे.

13. आशाताई सरकारी नोकर आहेत का?

नाहीत. सरकारच्या हिशेबी त्या मानधन आणि कामागणिक मोबदला घेणाऱ्या स्वयंसेविका आहेत. पोलिओ, बाळंतपण, सर्वेक्षण, क्षयरोग, सगळं त्यांच्याकडून, आणि पेन्शनचा विषय निघाला की स्वयंसेविका. 'सरकार स्वतः काम करतं' असं मी प्रश्न 1 मध्ये म्हटलं त्याला ही मोठी फट आहे.

14. कापसाला हमीभाव आहे, मग केळीला का नाही?

हमीभाव केंद्र ठरवतं आणि तो टिकणाऱ्या पिकांना आहे. कापूस गोदामात वर्षभर राहतो, केळीचा घड चार दिवस थांबत नाही. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाला 7710 आणि लांब धाग्याला 8110 रुपये क्विंटल ठरला. केळीवाल्याला सकाळी रावेर आणि बुऱ्हाणपूरचा भाव बघावा लागतो, आणि बोर्डावरचा भाव एक, बागेत व्यापारी देतो तो दुसरा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नाव झालं, भाव बांधला गेला नाही. सरकार केळीला दुसरीकडून हात देतं, हवामानावर आधारित फळपीक विम्यातून. थंडीचा पारा ठरलेल्या अंशाखाली ठरलेले दिवस राहिला की भरपाई. पण तो मोजला जातो मंडळातल्या हवामान केंद्रावर, तुमच्या बागेत नाही, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

राज्याला करायचंच असेल तर करता येतं. केरळच्या डाव्या सरकारने नोव्हेंबर 2020 पासून भाज्यांबरोबर नेंद्रन केळीलाही किमान भाव ठरवला. हरियाणात भाजपच्या सरकारने भाजीपाल्याला भावांतर योजना आणली, म्हणजे ठरलेल्या भावापेक्षा कमी मिळालं तर फरक सरकार देतं. दोन टोकांचे पक्ष, रोग एकच ओळखला आणि औषध वेगवेगळं दिलं. तुमच्याकडे मत मागायला येणाऱ्याला एवढंच विचारा, केरळसारखं की हरियाणासारखं? 'केळी उत्पादकांना न्याय देऊ' हे उत्तर धरू नका.

15. हमीभाव आहे तर सीसीआयने माझा कापूस परत का पाठवला?

ओलावा. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे बारापर्यंत कपात, बाराच्या वर घेतच नाहीत. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस थेट गाडीत भरला की मीटरची सुई घात करते. दोन दिवस ओट्यावर पसरा. आणि नाव आधीच ॲपवर नोंदवा, सातबाऱ्यावर कापसाचा पेरा लागलेला आहे का तेही बघा.

16. लाडकी बहीण, कर्जमाफी, फुकट धान्य. ही रेवडी की हक्क?

ज्याला मिळतं तो हक्क म्हणतो, ज्याला मिळत नाही तो रेवडी. कायद्यात मात्र फरक स्पष्ट आहे. रेशनचं धान्य 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने मिळतं. कायदा बदलल्याशिवाय बंद करता येत नाही. रोजगार हमीचंही तसंच होतं. 1972 च्या दुष्काळातून उभी राहिलेली योजना महाराष्ट्राने 1977 मध्ये कायद्यात बांधली, म्हणून पुढची सरकारं तिला सहज हात लावू शकली नाहीत. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये हा शासन निर्णय आहे. उद्या दुसऱ्या निर्णयाने वाढेल किंवा गाळणी लागेल. निवडणुकीआधीचं आश्वासन हा भ्रष्ट आचार ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तमिळनाडूच्या टीव्ही-मिक्सर वाटपाच्या खटल्यात म्हटलं.

17. "त्यांना मत नाही दिलं तर लाडकी बहीण बंद होईल" असं गल्लीतले सांगतात.

कुणाला मत दिलं ते कळत नाही, त्यामुळे त्यावरून नाव काटता येत नाही. नाव जातं ते वय, उत्पन्न, ई-केवायसी किंवा दुसरी योजना घेतल्यावरून. आणि अशी धमकी देणं हाच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली गैरप्रकार आहे. सांगणाऱ्याला म्हणा, हे लिहून दे.

18. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. मग निकालानंतर सगळे पक्ष 'आमच्या इतक्या ग्रामपंचायती' कशा मोजतात?

प्रत्येक जण आपापल्या वहीत मोजतो. सगळ्यांच्या बेरजा जोडल्या तर जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरतात. बातमी वाचून सोडून द्या.

19. आम्ही सुरतला उधन्यात राहतो, कार्ड आणि मत दोन्ही शिंदखेड्याचं. आम्ही कुणाचे?

हा प्रश्न खान्देशचा सगळ्यात खरा प्रश्न आहे, आणि उत्तर तुकड्यांत आहे. रेशन सुरतेच्या दुकानात मिळतं, कार्ड देशभर चालतं. आयुष्मान कार्ड असेल तर गुजरातच्या अंगीकृत दवाखान्यातही चालतं. पण तुमचं नाव फक्त महात्मा फुले योजनेत असेल तर उपचारासाठी महाराष्ट्रात यावं लागेल. दोन्ही योजना एकत्र म्हणून लोक इथेच फसतात. मत हवं तर फॉर्म 8 भरून सुरतेला नेता येतं, पण सहसा कुणी नेत नाही. गावचं मत सोडलं की भावकीतला शब्द हलका होतो. विधानसभा-लोकसभेला उमेदवाराने फुकट लक्झरी लावून मतदार आणणं हा पुन्हा कलम 123 चाच गैरप्रकार. तरी गाड्या येतात, आणि तुम्हीही त्यात बसणार आहात, हे मला ठाऊक आहे.

तर मतदानासाठी गावी याल तेव्हा घरातल्या सगळ्यांचे आधार घेऊन या. यादीत नाव असेल तर आयुष्मान कार्ड गावातल्या सेवा केंद्रात निघतं. मतदानाच्या दिवशी ते बंद असेल, म्हणून आदल्या दिवशीची गाडी पकडा.